चाळीस मिनिटांत विश्व : महाकाय पडद्यावरच्या माहितीपटांची पार्श्वभूमी

‘७० एमएम’ म्हटलं की जुन्या पुणेकरांना राहुल थिएटर आठवतं. आयमॅक्स या महाकाय पडद्याच्या तंत्राची फिल्मही ७० मिलिमीटरचीच, पण नेहमीच्या ७० एमएममध्ये ती उभी सरकते आणि एका चौकटीला, म्हणजे एका चित्राला, कडेची ५ छिद्रं लागतात. आयमॅक्समध्ये ती आडवी धावते आणि चौकट १५ छिद्रांची होते. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे जवळपास पावणेदोन मीटर फिल्म. एवढ्या वेगात ती फाटू नये म्हणून प्रोजेक्टरमध्ये तिची लाट करून पुढे ढकलतात आणि प्रत्येक चौकट क्षणभर हवेच्या निर्वाताने भिंगाला चिकटवून धरतात.

हे तंत्र कॅनडाचं. १९६७च्या माँट्रियल प्रदर्शनात अनेक प्रोजेक्टर जुळवून मोठी चित्रं दाखवताना नाकी नऊ आले, तेव्हा फर्ग्युसन, क्रॉइटर आणि कर या तिघा कॅनेडियनांनी एकच जबर प्रोजेक्टर करायचं ठरवलं. तो घडवला अभियंता विल्यम शॉ यांनी. १९७०ला ओसाकाच्या प्रदर्शनात पहिला खेळ, १९७१ला टोरांटोत पहिलं कायमचं थिएटर आणि १९७३ला सॅन दिएगोत घुमटाकार पडदा. घुमटाखाली बसून वर पाहणं पुण्याला नवं नव्हतं. टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४पासून तारांगण आहे.

मग या माहितीपटांत डोंगर, डायनोसॉर आणि आकाशगंगाच का? माझ्या मते विषय बऱ्याच अंशी यंत्राने ठरवले. कॅमेरा अवजड आणि गोंगाट करणारा, हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांत खलास. अशा कॅमेऱ्यापुढे हळुवार संवाद कोण बोलणार? ज्वालामुखीला त्याचं काही वाटत नाही. निवेदन मागाहून चढवलं की झालं. पडदे होते बहुतेक विज्ञान संग्रहालयांत, तिथे तासाला एक खेळ बसवायचा. म्हणून लांबी साधारण चाळीस मिनिटं.

१९८०च्या दशकात अंतराळवीरांनाच चित्रीकरण शिकवून हा कॅमेरा स्पेस शटलमधून वर पाठवला. २००९च्या हबल अंतराळ दुर्बिणीच्या दुरुस्ती मोहिमेत त्रिमिती कॅमेऱ्यासोबत जेमतेम आठ मिनिटांची फिल्म होती. कळ कधी दाबायची हे आधीच घोटून ठेवावं लागलं. डायनोसॉर तर संगणकावरच घडवावे लागले. १९९८च्या एका गाजलेल्या त्रिमितीपटात क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांचा शेवटचा काळ उभा केला होता. (वेताळ टेकडीचा काळा कातळ त्याच काळाच्या अखेरीच्या सुमाराचा, पण तिथे कोणी कॅमेरा आणला नाही.)

आपल्याकडे २००१ साली वडाळ्याला घुमट उभा राहिला आणि घाट उतरून जाणाऱ्या पुणेकरांच्या सहलींना एक ठिकाण वाढलं. २००८पासून डिजिटल आयमॅक्स आलं, रिळांचं ओझं गेलं. पुण्यात आयमॅक्सची पाटी लागली ती मॉलमध्ये, तीन-तीन तासांच्या सिनेमांसाठी. देवमाशावरच्या चाळीस मिनिटांच्या माहितीपटाला किती रुपयांचं तिकीट लावायचं, हे गणित मल्टिप्लेक्सच्या हिशेबात काही बसत नाही.