गांजा कायदेशीर झाल्यावर कॅनडात काय झालं?

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं स्मिथ्स फॉल्स हे जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव. तिथला हर्शी चॉकलेटचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला आणि गावाचा मोठा रोजगार गेला. पुढे काही वर्षांनी त्याच इमारतीत गांजा पिकू लागला. आधी फक्त औषधासाठी, आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून, म्हणजे कायदा बदलल्यावर, हौसेसाठीही. तिथली कॅनोपी ग्रोथ ही कंपनी शेअर बाजाराची लाडकी झाली. एका बड्या मद्य कंपनीने तिच्यात पाच अब्ज कॅनेडियन डॉलर ओतले. आणि २०२३ मध्ये? कॅनोपीने आठशे जणांची कपात केली, कारखाना मोकळा केला आणि ती इमारत परत विकत घेतली हर्शीनेच.

लोकांनी गांजा ओढणं सोडलं म्हणून हे झालं नाही. गांजा शेवटी पीकच. बंदी असताना त्याच्या किमतीत पकडले जाण्याची जोखीम धरलेली असते. ती जोखीम गेली, सगळ्यांनी एकदम भरमसाट लागवड केली आणि भाव कोसळले, आपल्याकडे कांद्याचे कोसळतात तसेच. त्यात कराची रचना नडली. ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल ते, असा हा उत्पादन कर. ग्रॅमचा भाव दहा डॉलर असेल तर तो दहावा हिस्सा होतो. भाव निम्म्याखाली आला तरी डॉलर तेवढाच द्यायचा, मग उत्पादकाच्या हाती काय उरणार?

गंमत अशी, की कंपन्यांना बुडवणाऱ्या याच स्वस्ताईने काळ्या बाजाराचं कंबरडं मोडलं. २०१९ च्या अखेरीस दुकानातला गांजा ग्रॅमला सुमारे दहा डॉलर होता आणि चोरट्या बाजारात सहाच्याही आत. ऑन्टॅरिओत तर पहिले साडेपाच महिने दुकानच नव्हतं, फक्त ऑनलाइन विक्री. अशा वेळी कोण आपला जुना विक्रेता सोडेल? दुकानं वाढली, भाव उतरले, तेव्हा कुठे गिऱ्हाईक हळूहळू वळलं आणि २०२३ पर्यंत बहुतेक जण कायदेशीर माल घेऊ लागले. गुंतवणूकदारांना हवा असलेला चढा भाव आणि सरकारला हवा असलेला काळ्या बाजाराचा अंत या दोन गोष्टी एकत्र मिळणं अवघडच होतं, असं मला वाटतं.

आरोग्याचं चित्र गुंतागुंतीचं आहे. प्रौढांमधला वापर वाढला, शाळकरी मुलांमधला फारसा बदलला नाही. खरी काळजी वेगळ्याच वयाच्या मुलांनी लावली. २०२० च्या सुरुवातीला गांजाच्या गमी (चघळायच्या मऊ गोळ्या), चॉकलेटं, बिस्किटं दुकानांत आली आणि ती चुकून खाल्लेली लहान मुलं रुग्णालयांत येऊ लागली. धुरातून गेलेलं टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतं. पोटातून गेलं तर अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि तेही चांगलंच नशा आणतं. होळीला भांगेची थंडाई पिऊन ‘काहीच होत नाहीये’ म्हणत दुसरा ग्लास उचलणाऱ्यांना हा उशीर ठाऊक असेल. दोन वर्षांच्या मुलाला अर्थातच नसतो. त्याला ती गोळी म्हणजे नुसता खाऊ.

इथे क्यूबेक प्रांताने आपोआप एक प्रयोग करून दाखवला. देश तोच, केंद्राचा कायदाही तोच, पण क्यूबेकने मिठाईसारख्या दिसणाऱ्या मालावर बंदी ठेवली. लहान मुलांना विषबाधा होऊन दाखल करावं लागण्याचं प्रमाण कायदा बदलल्यानंतर तिथेही वाढलं, पण ऑन्टॅरिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात ते कितीतरी पटींनी जास्त वाढलं. म्हणजे ‘गांजा कायदेशीर की बेकायदा’ या एका प्रश्नाच्या पोटात माल कुठल्या रूपात विकायचा, पाकिटात टीएचसी किती (कॅनडात खाण्याच्या मालाला मर्यादा १० मिलिग्रॅमची), दुकानं किती, कर वजनावर की ताकदीवर, असे डझनभर प्रश्न दडलेले असतात. वादविवादात त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जुन्या गुन्ह्यांचंही तसंच. केवळ गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना विनाशुल्क माफीची सोय २०१९ मध्ये झाली. सरकारला दहा हजार अर्ज अपेक्षित होते. दोन वर्षांनंतरही माफी मिळालेले पाचशेच्या आत होते, कारण कागदपत्रं ज्याची त्याने गोळा करायची होती.

जर्मनीने १ एप्रिल २०२४ ला गांजा खुला केला तेव्हा दुकानांची वाट धरलीच नाही. प्रौढाने घरी तीन रोपं लावावीत, किंवा सभासदांसाठी गांजा पिकवणाऱ्या, जास्तीत जास्त पाचशे सभासदांच्या, नफा न कमावणाऱ्या मंडळात नाव नोंदवावं. जाहिरात करायला मनाई आणि बाजारात उतरायला कंपनीच नाही.