साधनाची चुडीदार आणि दुकानातली ‘चुडीदार लेगिंग’

दुकानात चुडीदार मागितली की हल्ली काउंटरवर लेगिंग येते. घोट्यापाशी चार चुण्या दाखवून विक्रेती म्हणते, ‘ताई, चुडीदारच आहे ही.’ चुण्या असतात, नाही असं नाही. पण १९६५ च्या ‘वक्त’ सिनेमात नायिका साधनाने घातली ती चीज वेगळी.

साधना म्हटलं की आधी कपाळावरची झुलपं आठवतात. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) मध्ये रुंद कपाळ झाकायला ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर ती कापली आणि ‘साधना कट’ घरोघरी पोचला. माझ्या मते तिची मोठी देणगी मात्र चुडीदारच. तिने ती शोधली नाही. कथ्थकच्या नर्तकी ती घालत होत्या, नेहरूंच्या अचकनखालीही तीच असायची. ‘वक्त’चे कपडे केले आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. त्यांनी अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार अशी जोडी साधनाला दिली, आणि घोळदार सलवारीपुढे ती एकदम शहरी, चटपटीत दिसली. कॉलेजच्या पोरींनी ती उचलली नसती तरच नवल.

आता फरक. दोन्ही पायाला घट्ट बसतात, पण ताण कुठून येतो ते बघा. चुडीदारीचं कापड साधं, मागावर विणलेलं, सुती किंवा रेशमी. ते सरळ कापलं तर गुडघा वाकवताना उसवेल. म्हणून शिंपी ते उरेब, म्हणजे तिरकं कापतो. उरेब कापड थोडं ताणलं जातं. त्यासाठी आधी कापडाची पिशवी शिवून ती तिरकी उलगडायची, असा जुना हिशेब आहे. रेघांचं कापड असेल तर पायावर रेघा तिरप्या उतरतात. ओळखायची सोपी खूण. लांबी पायापेक्षा बरीच जास्त ठेवतात, ती घोट्यावर बांगड्यांसारखी साठते, त्यावरून नाव.

लेगिंगचं कापड बनियनसारखं, निटिंगचं. तिचा ताण लायक्राच्या धाग्यातून येतो. (गंमत म्हणजे हा धागा १९५८ साली अमेरिकेत शोधला गेला, म्हणजे ‘वक्त’च्याही आधी.) ‘चुडीदार लेगिंग’ म्हणजे तीच, फक्त लांब.

लेगिंग एस, एम, एलमध्ये भागते. सैल झाली, गुडघ्याला फुगे आले की संपली. चुडीदारीला मापं लागतात: मांडी, गुडघा, पोटरी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाचेचा घेर. तो चुकला तर पाय आत जात नाही. मग घोट्याशी फट ठेवून हुक लावतात, नाहीतर पायाला प्लॅस्टिकची पिशवी चढवून ती वर सरकवायची. माझ्या आईची एक रेशमी चुडीदार अजून तशीच चढते. शिंप्याकडे गेलात तर ‘उरेबात कापा’ एवढं आधी सांगा आणि कापड थोडं जास्तच न्या.