चुनखडीच्या पाणथळ जागा : पाणी व मातीचे रसायन

चुनखडकाच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळून खळगे पडतात. त्यांत पाणी साचून पाणथळ जागा तयार होतात. उष्ण कटिबंधातील युकातान व बेलीझ येथे अशा जागा विपुल आहेत. सोलापूर जिल्हा बेसाल्टवर वसलेला आहे, त्यामुळे येथे खरा कार्स्ट (चुनखडक विरघळून बनलेला असा प्रदेश) नाही. पण बेसाल्टच्या झिजेतून सुटलेला चुना कमी पाऊस व कडक उन्हामुळे वाहून जात नाही. भीमा-सीनेच्या खोऱ्यातील काळ्या रानात तो खड्यांच्या रूपात साठतो. खडक वेगळा असला तरी चुन्याचे रसायन तेच.

मुळे व जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी सौम्य आम्लधर्मी होते. त्यात चुना विरघळून कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. हे पाणी उघड्यावर आले की वायू उडतो आणि चुना पुन्हा खाली बसतो. ठिबकच्या तोट्या याच चुन्याने बुजतात. तळ्यातील शेवाळ दिवसा तोच वायू शोषते. म्हणून दुपारी सामू (पाण्याची आम्ल-विम्लता, pH) 9 च्या पुढे जाऊ शकतो आणि पहाटेपर्यंत उतरतो. एकदाच घेतलेली नोंद त्यामुळे फसवते. सामू पहाटे आणि दुपारी, तळ्याकाठीच मोजावा. नमुन्याची बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी व थंड ठेवावी. उन्हात राहिली तर चुना बाटलीच्या आतल्या बाजूला बसतो, अहवालात कॅल्शियम घटते आणि चांगल्या पाण्याचेही सोडियमचे गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम) फुगलेले दिसते.

खाली बसणारा चुना स्फुरदालाही (फॉस्फरस) धरून ठेवतो. म्हणूनच कार्स्ट पाणथळीत पाणी नितळ राहते आणि वनस्पतींची वाढ बहुधा स्फुरदाअभावी अडते. सांडपाण्यातून स्फुरद सतत येत राहिला तर मात्र हा अटकाव अपुरा पडतो. शिवाय सामू चढल्यावर पाण्यातील अमोनियम विषारी अमोनियात बदलते. 25 अंश सेल्सिअसला सामू 9.25 झाला की निम्मे बदललेले असते. मासे दगावतात ते अशाच वेळी.

शेतात सर्वांत त्रास लोहाचा. चुनखडीच्या रानात ओल साचली की बायकार्बोनेट वाढते, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि ऊस, द्राक्ष, डाळिंबावर केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या, ही त्याची खूण. नुसते हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकले तर ते लवकर निकामी होते. ते शेणखतात मुरवून द्यावे. फवारणीसाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 25 ग्रॅम चुना घ्यावा. ईडीटीए चिलेट (लोहाला धरून विद्राव्य ठेवणारे संयुग) या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. पण निचरा न सुधारता खते वाढवणे ही खर्चिक चूक आहे.

चोपण जमिनीतही निचरा आधी. विनिमय सोडियम (मातीच्या कणांनी धरलेल्या द्रव्यांतला सोडियमचा वाटा) 15 टक्क्यांवर आणि सामू 8.5 च्या वर गेला की माती चोपण समजतात. मुक्त चुना असेल (पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो) तर ती सुधारायला जिप्समऐवजी (कॅल्शियम सल्फेट) गंधकही चालते: जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि जमिनीतल्या चुन्यातूनच जिप्सम तयार होते, त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. त्याला ओल व काही महिने लागतात. आधी चर काढावेत. नाहीतर सुटलेले सोडियम मुळांपाशीच राहते. विहिरीच्या पाण्यातील शिल्लक सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट व बायकार्बोनेट) लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर ते पाणी सुधारलेले रान पुन्हा चोपण करते.