शिवसागराच्या काठचं गाव मोजायचं कसं?

गावाचा भूगोल लिहायला बसलं की क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि तालुक्यापासूनचं अंतर हे तीन आकडे आधी हवे असतात. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे शिवसागर जलाशयाच्या काठी वसलेल्या गावांसाठी हे तिन्ही आकडे महिना सांगितल्याशिवाय अपुरे आहेत.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या वरच्या अंगाला 103 मीटर उंचीचं धरण आहे. त्यामुळे मुख्य दरीच नव्हे, तर सोळशी आणि कांदाटी या उपनद्यांची खोरीही पाण्याने भरली. म्हणून नकाशावर शिवसागर लांबट आणि बोटं फुटल्यासारखा दिसतो. महाबळेश्वर तालुक्यातलं तापोळा आणि जावळी तालुक्यातलं बामणोली ही काठावरची ओळखीची गावं. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांच्या पुढे पाणी आणि मागे राखीव जंगल.

एवढं पाणी येतं कुठून, याचं गणित सोपं आहे. धरणाचं पाणलोट क्षेत्र साधारण 890 चौरस किलोमीटर. त्यावर वर्षाला 5000 मिलिमीटर पाऊस धरला, तर सुमारे 445 कोटी घनमीटर, म्हणजे 157 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पडतं. पाचवा हिस्सा मुरण्यात आणि बाष्पीभवनात गेला असं मानलं तरी सव्वाशे टीएमसी उरतं, आणि धरणाची क्षमता 105.25 टीएमसी आहे. चांगल्या पावसाळ्यात सांडव्याचे दरवाजे उघडावे लागतात ते यामुळे.

पावसाळा संपला की वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत राहतं आणि काठ मागे सरकतो. उतार 20 मीटरला 1 मीटर असेल, तर पातळी 10 मीटर उतरली की पाण्याची कड 200 मीटर लांब जाते. तापोळा फुगवट्याच्या वरच्या टोकाला असल्याने तिथं हे ठळक दिसतं. उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर गहू, हरभरा, भाजीपाला घेतात, हीच गाळपेर. पेरणी पाण्याच्या मागोमाग खाली उतरते. पाणी उशिरा उतरलं तर पेरा लांबतो आणि पीक उन्हाच्या तडाख्यात सापडतं. पाणी उतरतं तसा लाँचचा धक्काही खाली जातो. आजाऱ्याला चिखलातून तिथवर न्यावं लागतं, आणि हे अंतर कोणत्याही गाव-नोंदीत नसतं. खरं तर तेच सगळ्यात आधी लिहायला हवं.

आता क्षेत्रफळ. महसुली गावाच्या हद्दीत बुडालेली जमीन आणि जंगलही असू शकतं. समजा हद्द 600 हेक्टर आणि माणसं 300. घनता निघाली चौरस किलोमीटरला 50. पण त्यातले 350 हेक्टर पाण्याखाली आणि 150 जंगलात असतील, तर उरलेल्या 100 हेक्टरवर घनता 300 होते. गावाला मोकळीक आहे की दाटी, याचं उत्तर पार उलटतं. म्हणून तलाठ्याकडून बुडीत, वन आणि लागवडीखालचं क्षेत्र वेगवेगळं घ्यावं. धरणात सुमारे शंभर गावं विस्थापित झाली. जुन्या यादीतलं एखादं गाव आज बेचिराख, म्हणजे वस्ती नसलेलं असू शकतं, तेव्हा शून्य लोकसंख्या दिसली की ती छपाईची चूक समजू नये. उलट, एका नावाखाली चार वाड्यांची बेरीजही असते.

माणसं मोजणं त्याहून नाजूक. 2011 च्या जनगणनेत गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो गावाबाहेर होता, तो गावात धरला गेला नाही. या खोऱ्यांतली कर्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईत माथाडी आणि इतर कामांवर आहेत. ती तिकडे मोजली जातात. इकडे म्हातारी माणसं आणि बाया उरतात. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 28,08,994 होती आणि 2011 मध्ये 30,03,741 झाली, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम 7 टक्के वाढ. त्यामागे कमी जन्मदराबरोबर हे बाहेर जाणंही आहे.

लहान गावाचं लिंग गुणोत्तर, म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या, वाचताना घाई करू नये. 70 पुरुष आणि 80 स्त्रिया असतील तर ते 1143 येतं. दोन पुरुष मुंबईला गेले की 1176. मुलांची संख्याच बारा-पंधरा असेल तर एका जन्माने आकडा शेकड्यांनी हलतो. अशा ठिकाणी गुणोत्तर न देता सरळ माणसांची संख्या द्यावी, किंवा आजूबाजूची आठ-दहा गावं एकत्र धरावीत.

गावाची स्वतःची नोंद करायची असेल, तर वाडीवार घरयादी दोनदा करावी: एकदा फेब्रुवारीत आणि एकदा गणपतीत किंवा जत्रेला. प्रत्येक घरापुढे तीन रकाने ठेवावेत: वर्षभर राहणारे, हंगामाला येणारे, फक्त सणाला येणारे. घराला कुलूप असेल तर तेही लिहावं. त्याच दिवशीची धरणाची पातळी आणि घरापासून धक्क्यापर्यंतची पावलं नोंदवावीत. पिण्याच्या पाण्याची योजना पहिल्या दोन रकान्यांच्या बेरजेवर आखावी, टाकीचा आकार मात्र तिन्हींच्या बेरजेवर. जत्रेच्या आठवड्यात टाकी कोरडी पडते, ती बहुतेक वेळा फेब्रुवारीचा आकडा धरून बांधलेली असते.