जलाशयातील ट्राउट मासेमारी

शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या जलाशयात ट्राउट हे थंड पाण्यातले मासे सोडून ते फ्लायने पकडण्याचा छंद. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली कीटकाची नक्कल. या छंदाची जन्मभूमी म्हणून इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीतील ब्लॅग्डन तलावाकडे बोट दाखवले जाते. ब्रिस्टल शहरासाठी मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी यिओ नदी अडवून तो बांधला गेला आणि १९०४ पासून तिथे ट्राउट मासेमारी सुरू झाली. पाण्याखाली नुकत्याच गेलेल्या कुरणांतून माशांना मुबलक अन्न मिळाले, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत तिथले ट्राउट झपाट्याने वाढले. त्याच भागातील, त्याहून बराच मोठा आणि उथळ च्यू व्हॅली तलाव १९५६ मध्ये खुला झाला.

नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो, अन्न वाहत त्याच्यापर्यंत येते. जलाशयात प्रवाह नसल्याने त्याला अन्नामागे हिंडावे लागते. म्हणून इथला खरा प्रश्न मासा आज कुठे आणि किती खोलीवर आहे हाच. त्याचे उत्तर बहुतेक वेळा वारा, ऊन आणि त्या दिवशीचे खाद्य यांतून मिळते. डॅफ्निया हे सूक्ष्म जीव प्रखर उन्हात खाली उतरतात, ढगाळ हवेत वर येतात. रेनबो ट्राउट ही ट्राउटची जात त्यांच्या मागे वरखाली होते.

सर्वांत महत्त्वाचे खाद्य म्हणजे बझर, डासासारखा दिसणारा पण न चावणारा कीटक. त्याची अळी तळच्या गाळात राहते. कोष झाल्यावर तो संथपणे वर चढतो आणि पृष्ठभागाखाली काही काळ लोंबकळतो. नेमक्या याच अवस्थेत ट्राउट त्याला टिपतो. त्यामुळे बझरची नक्कल लावलेला फ्लाय जवळजवळ न ओढता, वाऱ्याबरोबर वाहू द्यावा लागतो. नवख्यांना हे सर्वांत कठीण जाते, कारण गळाची दोरी ओढत राहण्याची हाताला सवय असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्लॅग्डनवर डॉ. बेल यांनी खाद्यकीटकांच्या बारीक नकला बांधून भडक फ्लायच्या जुन्या रीतीला निराळी दिशा दिली.

नावेतून मासेमारी करताना नाव वाऱ्याला आडवी ठेवून वाहू देतात. वेग कमी करायला ड्रोग ही कापडी छत्री पाण्यात सोडतात. दोघे गडी वाऱ्याकडे पाठ करून बसतात आणि पुढच्या पाण्यात आखूड दोरी टाकतात. दोरीला बहुधा तीन फ्लाय असतात. त्यांतला वरचा फ्लाय दोरी ओढून होत आली की लाटेवर नाचवायचा. पुष्कळ ट्राउट शेवटच्या या क्षणी उसळी घेतात, म्हणून दोरी घाईने उचलणे हा मोठा तोटा.

काठावरून मासेमारी करणाऱ्याला जागा बदलायला चालावे लागते, पण त्याला उथळ पाण्याचा लाभ असतो. वसंतात आणि संध्याकाळी ट्राउट किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. तरीही अनेक जण आल्याआल्या कमरेएवढ्या पाण्यात शिरतात आणि मासे पिटाळून लावतात. आधी कोरड्या जमिनीवरून, जवळच्या पाण्यातच फ्लाय टाकून पाहणे शहाणपणाचे. वारा पाठीशी असला की दोरी सहज लांब जाते. मात्र वाऱ्याने ढकललेले खाद्य समोरच्या काठाला साचते, म्हणून तोंडावर वारा घेण्याचे कष्ट पुष्कळदा सार्थकी लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीपासून मोठे ट्राउट पाणवनस्पतींच्या कडेला आणि बांधलेल्या नावांच्या सावलीत लहान माशांची पिले मारतात. तेव्हा पांढरट, लांबट फ्लाय चालतो.

रेनबो ट्राउट मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील. इंग्लंडच्या जलाशयांत त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मासे वेळोवेळी सोडावे लागतात. मासेमारीसाठी परवाना घ्यावा लागतो आणि दिवसाला किती मासे नेता येतील यावर मर्यादा असते.

ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते; पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो सुस्तावतो. म्हणून महाराष्ट्रातील धरणांत त्याऐवजी रोहू, कटला, मृगळ वाढवतात. भारतात ट्राउट काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यात आढळतो. ब्रिटिश अमदानीत तो तिथे आणला गेला.