मॉडेल विमानासाठी प्रोपेलरची निवड

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाच्या इंजिनावर किती व्यासाचा आणि किती पिचचा प्रोपेलर बसवायचा, हे ठरवण्याची पद्धत. प्रोपेलरवर १०×६ असे आकडे उमटवलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. हवेत अजिबात न घसरता प्रोपेलर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे पिच. घसरण होतेच, तरी वेगाचा अंदाज यावरूनच बांधतात: ६ इंच पिच आणि मिनिटाला १२,००० फेरे असतील, तर हिशेबी वेग ताशी सुमारे ११० किमी येतो.

इंजिनाच्या दृष्टीने प्रोपेलर हा बोजा असतो. तो अवजड झाला तर फेरे चढत नाहीत आणि इंजिन तापते. फारच हलका झाला तर इंजिन मोकाट फिरून बेअरिंग, कनेक्टिंग रॉड झिजवते. या बोज्यात व्यासाचा वाटा मोठा असतो. लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या, व्यासाच्या चौथ्या घाताच्या आणि पिचच्या प्रमाणात वाढते. म्हणून १०×६ काढून ११×६ लावला, तर फेरे तेवढेच राखायला जवळजवळ ४६ टक्के जास्त शक्ती हवी. १०×७ ला १७ टक्के पुरते. ‘व्यास इंचभर वाढवा, पिच इंचभर उतरवा’ हा नियम मैदानावर सर्रास ऐकू येतो, पण या हिशेबात तो तोकडा पडतो. ११×५ देखील १०×६ पेक्षा जडच जातो. ११×४ कुठे त्याच्या बरोबरीला येतो.

०.४० घनइंची (सुमारे ६.५ घ.सेंमी.) टू-स्ट्रोक ग्लो इंजिनाला (ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या) १०×६ ने सुरुवात करण्याचा प्रघात आहे, ०.६० ला ११×७ किंवा १२×६ ने. फोर-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते, त्यामुळे त्याला मोठा व्यास झेपतो. पुढचा निर्णय विमान पाहून करायचा. जाड पंखांच्या संथ ट्रेनरला (शिकाऊंसाठीच्या विमानाला) मोठा व्यास आणि कमी पिच मानवतो. उड्डाण लवकर होते, उतरताना वेग आवरतो. नवशिक्याला जास्त पिचचा मोह पडतो, पण असले विमान हवेच्या रोधामुळे तो वेग गाठतच नाही. मोठा प्रोपेलर नाक खाली गेल्यावर जमिनीला टेकणार नाही, हेही पाहावे लागते.

शेवटचा निवाडा टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे मोजणाऱ्या उपकरणावर, होतो. विमान वेगात आले की बोजा उतरून फेरे वाढतात, म्हणून जमिनीवरचा आकडा इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपेक्षा बराच खाली असावा लागतो.

विद्युत मोटरसाठीचे पातळ प्रोपेलर ग्लो इंजिनावर चालत नाहीत. प्रत्येक स्फोटाबरोबर बसणाऱ्या हिसक्यांनी त्यांचे पाते मुळाशी तुटू शकते. नवा प्रोपेलरही तोलून घ्यावा लागतो: जड पात्याला सँडपेपर मारतात, भोकाला हात लावत नाहीत. टवका गेलेला प्रोपेलर चिकटवून वापरायचा नसतो, तो सरळ फेकायचा.