ऑफिसच्या नेटवर्कला जोडल्यावर लॅपटॉपमधल्या फायली दिसेनात? आधी हे वाचा, मग हात लावा

‘काल तुमचा माणूस लॅपटॉप सर्व्हरला जोडून गेला आणि आज सकाळी उघडला तर डेस्कटॉप मोकळा!’ कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, मिरजेतली हॉस्पिटलं, मार्केट यार्डातल्या पेढ्या, पतसंस्था, सीएंची ऑफिसं अशा सगळीकडून आम्हाला हा फोन येतो. आवाजातली काळजी खरी असते, कारण वर्षभराचे हिशेब डोळ्यांपुढून नाहीसे झालेले असतात. म्हणून हे पत्रक छापलं आहे. लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवा.

पहिली गोष्ट, फायली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात. त्या त्याच लॅपटॉपमध्ये, त्याच डिस्कवर, होत्या तिथेच असतात. बदललेले असता ते तुम्ही.

लॅपटॉप डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरला जोडला की तुम्ही नव्या लॉगिनने आत जाता. नाव जुनंच ठेवलं, पासवर्ड जुनाच ठेवला, तरी विंडोजच्या लेखी हा नवा माणूस असतो. नव्या माणसाला ती नवा डेस्कटॉप, नवं डॉक्युमेंट्स, नवं डाउनलोड्स देते. यार्डात पेढीला नवा गाळा मिळाला, म्हणून जुन्या गाळ्यातली पोती आपोआप चालत येत नाहीत. ती कुलपाआड तिथेच असतात. रिसायकल बिनसुद्धा प्रत्येक लॉगिनचं वेगळं असतं. त्यामुळे नव्या लॉगिनमध्ये ते रिकामं दिसलं, म्हणून काही ठरत नाही.

खात्री करायची तर सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे ते बघा. आकडा जोडणीआधी होता तसाच असेल, तर माल आत आहे. मग सी ड्राइव्हमधलं युझर्स नावाचं फोल्डर उघडा. तिथे तुमच्या नावाची दोन फोल्डरं दिसतील. जुनं लॉगिन ‘अकाउंट’ नावाचं असेल आणि नवंही तेच असेल, तर नव्या फोल्डरच्या नावापुढे टिंब देऊन डोमेनचं नाव लागलेलं असतं. साधं ‘अकाउंट’ ते जुनं. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं सापडतं. उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आला आणि कंटिन्यू दाबल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला, तर तिथेच थांबा आणि आम्हाला फोन करा. सिक्युरिटीच्या टॅबमध्ये जाऊन मालकी बदलण्याचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर मिळतात. ते बघून केलेले बदल निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो.

जुना पासवर्ड आठवत असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर ‘अदर युझर’ निवडा, आधी एक टिंब, मग उलटी तिरकी रेघ, मग जुनं नाव टाका. जुना डेस्कटॉप जसाच्या तसा समोर येतो. तो बघितल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो, हे आम्ही नेहमी पाहतो.

वेळ खातो तो हा घोळ

फायली दिसत नाहीत, काम तर थांबवता येत नाही. मग ऑफिसातलं कुणीतरी पेनड्राइव्हवरची किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी प्रत शोधतं आणि त्यावरच पुढच्या नोंदी सुरू करतं. चार दिवसांनी मूळ फाइल सापडते. आता नव्या डेस्कटॉपवर ‘हळद आवक मार्च’ आहे आणि जुन्या डेस्कटॉपवरही ‘हळद आवक मार्च’ आहे. जुन्यात महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी पुऱ्या आहेत, नव्यात पुढच्या चार दिवसांच्या आहेत, आणि दोन्हींत काही लॉटचे दर दुरुस्त केलेले आहेत.

इथवरही सगळं सावरता येतं. नुकसान होतं ते पुढच्या पायरीला. जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं निवडून नव्यावर आणून टाकलं जातं. विंडोज विचारते, याच नावाच्या फायली इथे आधीच आहेत, काय करू? घाईत सगळ्यात वरचं रिप्लेस दाबलं जातं. त्या क्षणी चार दिवसांचं काम पुसलं जातं, आणि अशी वरून लिहिली गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. मग दोन माणसं कागदी पावत्या घेऊन बसतात आणि एकेक ओळ पुन्हा भरतात. मार्चअखेरीला हे घडलं तर ऑफिसची अवस्था काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आमची कळकळीची विनंती अशी. फाइल दिसली नाही तर जुन्या प्रतीवर काम सुरू करू नका. अगदीच नड असेल, तर नवी कोरी फाइल घ्या, तिच्या नावातच तारीख घाला आणि फक्त त्या दिवसाच्या नोंदी तिच्यात करा. नंतर ती मूळ फाइलला जोडणं सोपं जातं. जुन्या फोल्डरमधून काही आणायचंच असेल तर नव्या डेस्कटॉपवर ‘जुने’ नावाचं वेगळं फोल्डर करा आणि सगळं त्यात कॉपी करा. कट करू नका, कॉपीच करा. वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्यावर रिप्लेसचा प्रश्नच येत नाही.

दुसरा धोका जुनं लॉगिन काढून टाकण्याचा. ‘दोन नावं दिसतात, गोंधळ होतो’ किंवा ‘जागा अडते’ म्हणून कुणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन ते काढतं. तिथे खातं आणि डेटा दोन्ही जातील असं विंडोज स्पष्ट सांगते, पण इंग्रजी संदेश वाचतंय कोण? आताच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यावरून पुसलेल्या फायलींची जागा लॅपटॉप स्वतःच आतून साफ करत राहतो, त्यामुळे जुन्या हार्डडिस्कवरून जसा डेटा परत काढता यायचा, तसा इथे बहुधा निघत नाही. आम्ही जोडणी केल्यावर जुनं लॉगिन महिनाभर तसंच ठेवतो. हा आमचा आळस आहे असं काही ग्राहकांना वाटतं. तसं नाही. महिन्याचं एक चक्र पुरं झालं, पगार, जीएसटी, बँकेचं स्टेटमेंट सगळं नव्या लॉगिनमधून निघालं, की मग आम्ही स्वतः येऊन तुमच्यासमोर ते काढतो.

फाइल खरंच दुसरीकडे असते तेव्हा

उजव्या कोपऱ्यात ‘टेम्पररी प्रोफाइल’ असा संदेश आला, तर प्रकार वेगळा आणि घाईचा आहे. त्या अवस्थेत डेस्कटॉपवर जे सेव्ह कराल, ते लॉगआउट करताच नाहीसं होतं. काही सेव्ह झालं असेल तर आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि आम्हाला कळवा. तुमचं जुनं काम सहसा सुखरूप असतं, फक्त विंडोजला त्या वेळी ते उघडता आलेलं नसतं.

काहींचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आधीपासूनच वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, गेलेलं असतं, आणि त्यांना ते माहीत नसतं. तेव्हा जुन्या युझरच्या फोल्डरमध्ये वनड्राइव्ह नावाचं फोल्डर शोधा. फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल, तर ती इंटरनेटवर आहे; जुन्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेल्याशिवाय उघडणार नाही.

घरी गेल्यावर झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते, ती फाइल हरवल्याची खूण नाही. तो ड्राइव्ह ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाण्याची सुरक्षित वाट, जोडलं की दिसतो.

टॅलीचा डेटा बहुधा पब्लिक फोल्डरमध्ये किंवा सर्व्हरवर असतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. आउटलुकची जुनी मेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मराठी कीबोर्डची मांडणी, व्हॉट्सअ‍ॅप वेब, नेहमीचा प्रिंटर हे मात्र नव्या लॉगिनमध्ये पुन्हा बसवावं लागतं. ब्राउझरमधले पासवर्ड जुन्या लॉगिनला बांधलेले असतात. फोल्डर उचलून आणलं तरी ते उघडत नाहीत. जुन्या लॉगिनने आत जाऊनच ते बाहेर काढावे लागतात. जुनं लॉगिन शाबूत ठेवा म्हणतो, ते यासाठीही.

पैसे कशाचे

‘फायली दहा मिनिटांत सापडल्या, मग बिल कशाचं?’ हा प्रश्न रास्त आहे. सापडणं दहा मिनिटांचं असतं. दोन्हीकडच्या सारख्या नावाच्या फायली तारखेप्रमाणे तपासणं, मेल आणणं, परवानग्या नीट लावणं, सगळं उघडतंय ना हे तुमच्या माणसाला शेजारी बसवून दाखवणं, यात अर्धा दिवस जातो. ते न करता निघून येणं आम्हाला पटत नाही.

हे सगळं टाळायचं असेल, तर जोडणीच्या आदल्या दिवशी आम्हाला सांगा. आम्ही जुनं लॉगिन आहे तसं नव्यावर हलवतो, म्हणजे सकाळी डेस्कटॉप तोच दिसतो. वार्षिक करार असलेल्या ग्राहकांना याचे वेगळे पैसे पडत नाहीत. हलवण्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतो आणि ती डिस्क तुमच्याच ताब्यात देतो. ती तळमजल्यावर ठेवू नका; 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला यापुढे काही सांगायची गरज नाही. नवा लॅपटॉप घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एक फोन करा. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, प्रो लागते, आणि दुकानात समोर ठेवलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा होमच असते.

लॅपटॉप आमच्याकडे विश्रामबागला आणणार असाल तर चार्जर, जुन्या लॉगिनचा पासवर्ड आणि ज्या फायली अडल्या आहेत त्यांची नावं कागदावर लिहून आणा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची 48 अंकी किल्लीही हवी. ती ऑफिसच्या सर्व्हर पाहणाऱ्याकडे किंवा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्यात मिळते.